दोष कळवणारी

“आरं, बंद केलं तरी आत घुरघुरतंय बघ,” सिंधूआत्या गावाहून फोनवर सांगायची.

“आत्या, बटण नीट दाब की गं,” हे प्रशीलचं ठरलेलं उत्तर. ऑक्सिजनचं ते मशीन चालवणारा ड्रायव्हर, म्हणजे आतला प्रोग्राम, त्यानेच लिहिला होता. त्यात चूक असेल असं त्याच्या मनातही आलं नाही.

आत्याचं तेरावं उरकून आल्यावर त्याने तो कोड ओळ न् ओळ वाचला. चालू होताना मशीन अडखळलं, की आपणच पुन्हा चालू व्हायचं. ‘चालू’ची नोंद दोनदा, ‘बंद’ची एकदाच. म्हणून बटण दाबून प्लग काढला, तरी आतला पंखा फिरत राहायचा आणि बॅटरी खाऊन टाकायचा. गावातली वीज गेली त्या दुपारी बॅटरीत काहीच उरलं नव्हतं.

आत्या बटण नीटच दाबत होती.

एका ओळीचं काम होतं. लिनक्स कर्नलला, म्हणजे जगभरचे प्रोग्रामर मिळून सांभाळतात त्या सॉफ्टवेअरला, दुरुस्ती पाठवताना दोष कळवणाऱ्याचं नाव खाली लिहायची रीत असते. त्याने लिहिलं, सिंधू यशवंत खोत.

संध्याकाळी तिथल्या प्रमुखाचं उत्तर आलं, “छान शोधलंत. सिंधू खोत यांना एकदा मशीन चालवून बघायला सांगा. त्या ठीक म्हणाल्या, की दुरुस्ती लगेच घेतो.”