एरास्मियाची जीभ

एरास्मियाने टोमॅटोच्या पिशवीखालच्या पन्हळीत बोट बुडवलं आणि चाटलं.

"आजी, खताचं पाणी आहे ते! चाटताय काय?" थानासिस ओरडला. सहकारी संस्थेने धाडलेला शेतीतज्ज्ञ. बूट अजून कोरे करकरीत.

"तू रांगत होतास तेव्हापासून चाटतेय." ती बाजूला थुंकली. "मीठ चढलंय. चाराच्या वर गेलंय."

"जिभेला आकडेपण कळतात?"

"न कळायला काय झालं? दोन हिवाळे शाळेत गेलेय मी."

इएरापेत्रा गावाच्या किनाऱ्यावरचं हे पॉलिहाऊस नवरा गेल्यावर तिने एकटीने उभं केलं होतं. आता टोमॅटो मातीत नव्हते, कोकोपीटच्या लांब पिशव्यांत होते. नारळाच्या त्या भुश्शात स्वतःचा कस नसतो. जे पाजाल तेवढंच रोपाला मिळतं, आणि उरलेलं मीठ भुश्शात साठत जातं. म्हणून खतपाणी खालून वाहेपर्यंत द्यायचं आणि वाहून आलेलं तपासायचं. बाकीचे यंत्राने तपासायचे, एरास्मिया जिभेने. शेजारपाजारचेही तिच्याकडे बाटल्या ठेवून जायचे.

आज पानांच्या कडा करपल्या होत्या. थानासिसने खिशातला, पाण्यातले क्षार मोजायचा मीटर पन्हळीत धरला.

"दोन पूर्णांक आठ. रोपं उपाशी आहेत. दुपारपासून खत वाढवा."

"वाढव. संध्याकाळपर्यंत सगळं जाळून मोकळा हो."

"आई, यंत्र खोटं बोलत नाही," सिफीस म्हणाला. तिचा मुलगा. म्हातारीला आता घरी बसवा, हे थानासिसने त्याला कालच सुचवलं होतं, आणि तेही तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. "मी गावातल्या प्रयोगशाळेत बाटली घेऊन जातो. तुझी जीभ चुकली, तर उद्यापासून इथे पाय ठेवायचा नाही."

"नाही ठेवणार. आणि हा चुकला, तर मला विचारल्याशिवाय यानं एकाही नळाला हात लावायचा नाही. बोल, आहे कबूल?"

सिफीस गाडी घेऊन गेला.

जेवायला मसूर होते, एरास्मियाने शिजवलेले. पहिल्याच घासाला सुनेला, आर्गिरोला, ठसका लागला. ती पेलाभर पाणी घटाघट प्यायली.

"आई, मीठ..."

"तुझ्या माहेरी अळणीच गिळतात, त्याला मी काय करू?" एरास्मियाने आपलं ताट पुसून खाल्लं. एक हात एप्रनच्या खिशातच होता.

आर्गिरो तिच्याकडे बघत राहिली.

सिफीस परतला तेव्हा थानासिस दारातच उभा होता.

"चार पूर्णांक तीन," सिफीस म्हणाला. आईकडे बघायचं त्याने टाळलं.

थानासिसने स्वतःचा मीटर उलटा करून पाहिला. टोकावर पांढरी खपली धरली होती.

"तोंड धूत जा त्याचं," एरास्मिया म्हणाली. "आणि सिफीस, साधं पाणी सोडू नकोस हं. पातळ खत सोड. खालून भरभरून वाहू दे. थांब कधी म्हणायचं ते मी सांगेन."

दोघे नळांकडे गेले.

एरास्मिया शेवटच्या रांगेच्या टोकाला गेली. मागेपुढे पाहिलं आणि एप्रनच्या खिशातून पेनाएवढा मीटर काढला. गेल्या नाताळात ताप आला आणि जाताना चव घेऊन गेला. तेव्हापासून मध काय आणि व्हिनेगर काय, तिला सारखंच. दुकानातल्या पोरीने बजावलं होतं, टोक धुतल्याशिवाय ठेवलं तर हा खोटं बोलेल. रोज पहाटे, कोणी यायच्या आत, एरास्मिया पन्हळीतला आकडा बघून ठेवायची. मग सगळ्यांसमोर बोट चाटायची.

तिने स्वच्छ पाण्यात टोक तीनदा खळबळलं, पदराने पुसावं तसं एप्रनने पुसलं. वळली, तर मागे आर्गिरो उभी.

पन्हळीतून पाणी वाहू लागलं होतं.

"उद्यापासून मसूर मी करते, आई," आर्गिरो हळूच म्हणाली. "तुम्ही मीटर सांभाळा."

एरास्मियाने मीटर खिशात टाकला आणि हनुवटी वर केली.

"कर की. पण मीठ कमी पडलं, तर माझ्याशी गाठ आहे."