पावसाळ्यात ठेवलेलं डिझेल

मासेमारीबंदी उठली की हरेश्वर तांडेलाला साठवलेल्या डिझेलचा दुप्पट भाव मिळणार होता. समुद्रावरचा तेलाचा तवंग खायला सोडलेले जंतू टाक्यांत घुसल्यापासून डिझेल दुधासारखं नासायचं. पावसाळाभर टिकवायचं तर महागडं औषध घालावं लागे. हरेश्वरनं ते अर्धंच घातलं होतं.

नारळी पुनवेला बहिणीच्या होडीत डिझेल भरलं, पूजाही झाली. सुमतीनं टाकीपाशी हुंगलं.

"दादा, आंबूस वास येतोय रे."

"औषधाचा गो तो. भावाच्या मालाला नाक लावतेस?"

"तळाचा नळ सोडून बघू? बुळबुळीत काही आलं तर..."

"पूजलेली टाकी उपसणार? नवरा पहिल्या फेरीला निघालाय ना तुझा?"

सुमतीनं नळावरचा हात काढला.

पहिल्याच फेरीत खडकांजवळ इंजिनाच्या गाळणीत शेवाळासारखा चोथा अडकला आणि इंजिन बंद पडलं. लाटांनी होडी खडकावर फोडली. सुमतीचा नवरा परतला नाही.

तेराव्याला हरेश्वर रीतीप्रमाणे दुखवट्याची साडी घेऊन गेला. बहिणीच्या हातात ती ठेवताना त्यानं खरोखरीच डोळे पुसले. साडीचे पैसे वजा जाता त्याचा नफा शाबूत होता. बाकी सगळं सुमतीनं भरलं होतं. डिझेलचे पैसेसुद्धा, रोख.