राजिवड्याची वाट

"राजिवड्यात कशाला गेला होतास?" दाजीशास्त्र्यांनी विचारलं.

बाळा ओटीच्या पायरीवर थबकला. "मौलवीसाहेबांकडे. फारसी वाचायला."

त्या दिवशीचा पाठ शास्त्र्यांनी लवकर आटपला.

रत्नागिरीत मुलांना संस्कृत शिकवता शिकवता त्यांचे केस पिकले होते, पण असा विद्यार्थी कधी मिळाला नव्हता. जयगडच्या भंडारी खलाशाचा हा मुलगा वर्षापूर्वी आपण होऊन दारात आला. "संस्कृत शिकवाल?" म्हणाला. आळीने नाकं मुरडली, तरी शास्त्र्यांनी त्याला ओटीवर बसवलं. एकदा ऐकलेला श्लोक तो दुसऱ्या दिवशी अर्थासकट म्हणे. "पोर मला शोधत आलं," असं शास्त्री ज्याला त्याला सांगत.

आणि तेच पोर राजिवड्याच्या मोहल्ल्यात दाऊद मौलवीकडे जात होतं.

आता त्यांना एकेक खुपू लागलं. सुंदर ओळ आली की बाळा डोळे मिटून क्षणभर थांबे. ही लकब आपली नव्हे. मग कोणाची, हे विचारायची गरजच नव्हती.

अखेर ते म्हणाले, "दोन होड्यांत पाय ठेवून खाडी ओलांडता येत नाही, बाळा. मॅट्रिकला संस्कृतात पहिला यायचं असेल तर ते दार बंद."

बाळाने विचारलं, "एकदा जाऊन त्यांना सांगून येऊ?"

"काही सांगायचं नाही."

"बरं."

तो गेला नाही. तरी शास्त्र्यांना चैन पडेना. म्हातारा गोड बोलून पोराला परत ओढील. एका दुपारी ते स्वतःच राजिवड्यात गेले, त्याला काय ते सुनवायला.

बाजेवर खोकत बसलेले मौलवी त्यांना पाहून लगबगीने उठले. "या, शास्त्रीबुवा. बाळा बरा आहे ना? बरेच दिवसांत फिरकला नाही."

"अभ्यास वाढलाय," शास्त्र्यांच्या तोंडून निघून गेलं.

"मग उत्तम." मौलवींचा चेहरा उजळला. "चार वर्षं होता माझ्याकडे. माझ्याजवळचं सगळं संपवलंन. म्हटलं, आता संस्कृत शिक. पण तुमच्याकडे यायला तयार होईना. म्हणे, भंडाऱ्याच्या पोराला ते दारात उभं करायचे नाहीत. शेवटी मीच हाताला धरून तुमच्या आळीच्या तोंडाशी आणून सोडला. म्हटलं, जा बिनघोर, शास्त्रीबुवांचं मन मोठं आहे."