ऑपरेशनपुरती ताकद

खुब्याच्या दुखण्यापायी चंदानं पाच महिने भात सोडला, साखर सोडली, नऊ किलो वजन उतरवलं. तेव्हा कुठं अमरावतीच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून ऑपरेशन करायची तारीख दिली. आज भरती व्हायला आलेली चंदा काट्यावर उभी राहिली, आणि डॉक्टरांचं डोकंच फिरलं.

"दीड महिन्यात पाच किलो वाढले? एवढ्या वजनावर ऑपरेशन केलं तरी खुबा दुखतच राहील, हे किती वेळा सांगू? असं खाल्लं तरी काय?"

उत्तर चंदाच्या तोंडाशी आलं होतं. पण घरातली गोष्ट परक्यापुढं कशी काढायची, म्हणून ती तशीच लंगडत बाहेर आली.

परतवाड्याहून सोबत आलेली सासू बाकावरून उठली. "काय म्हन्ते वं डॉक्टर?"

"आज नाही करत म्हन्ते, आत्याबाई. सहा महिन्यांनी या म्हन्ते."

"पाह्य बरं! तारीख भेटली तवापासून तुले रोज चार-चार डिंकाचे लाडू चारून राहिली मी, तरी ऑपरेशनपुरती ताकद नाही आली अंगात." सासूनं पिशवीतून डबा काढला. "जाऊ दे. सहा महिने हायेत ना आता. घे, खाय."