नळीतली गोळी

नलू पहिलीत गेली ते १९८४ साल. तिचा बाप सहदेव अंधेरीच्या कारखान्यात हवेचे व्हॉल्व्ह तपासायचा. व्हॉल्व्हमधून हवा सोडली की काचेच्या नळीतली गोळी वर चढे आणि थांबेल तिथला आकडा सहदेव टिपून घेई. त्याच्या बाबांची छाती गिरणीतल्या कापसाच्या तुसाने भरली होती. त्यांचा श्वास जोखायला त्याने साहेबांकडून एक बाद नळी मागून आणली. बाबा रोज फुंकत, गोळी चारवर अडे. बाबांनी शाळा पाहिली नव्हती, म्हणून सहदेव खुशाल सांगे, "सहा, बाबा! झकास!" दिवाळीनंतर गोळी एकवरच थरथरली. "सहा," सहदेव तरीही म्हणाला. बाबांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "झिला, नलूच्या पाटीवर मी आकडे केव्हाच शिकलंय. तरी तू सहाच सांग. माका बरा वाटता." चौदा डिसेंबरला सकाळी, दहिसरच्या खोलीत, बाबा वारले.