अर्ध्या दुकानाचा सल्ला

सकाळी आलेल्या प्रश्नांमध्ये तिच्या दिराचा प्रश्न होता. खाली दुकानाचं नाव होतं, त्यामुळे शंकेला जागा नव्हती.

लहान दुकानदारांना धंद्याचा सल्ला देणाऱ्या एका बाईंची ती घरी बसून मदतनीस होती. सगळं काम ऑनलाइन. आलेले प्रश्न वाचायचे, उत्तरांचे मसुदे करायचे. बाई त्यांवरून नजर फिरवत आणि आपल्या नावाने पाठवून देत. उत्तरं दुसरं कुणी लिहितं हे बाहेर कळता कामा नये, ही बाईंची पहिली अट. त्यामुळे घरच्यांना एवढंच ठाऊक होतं, की ती कॉम्प्युटरवर काहीतरी टकटक करत असते. तिला स्वतःचं पडद्यांचं दुकान काढायचं होतं. त्याआधी धंदा आतून कसा चालतो ते पाहावं, म्हणून तिने हे काम धरलं होतं.

दिराने लिहिलं होतं : "मॅडम, आमचं विजेच्या सामानाचं दुकान आहे. पुढचा अर्धा भाग मोकळा करतोय. मोबाइल दुरुस्त करणारा एक जण तो भाड्याने मागतोय. तिथेच माझ्या वहिनींना पडदे शिवायचं दुकान टाकायचंय. हातात कसब आहे, त्यात वाद नाही. पण त्यांच्या तोंडून 'नाही' निघत नाही. शेजारणीचे पडदे त्यांनी तीनदा उसवून शिवले, आणि पैसे घ्यायच्या वेळी तिलाच चहा पाजून पाठवलं. अशाने गिऱ्हाईक डोक्यावर बसेल आणि दिवाळं निघेल. वहिनी मला थोरल्या बहिणीसारख्या आहेत, तोंडावर सांगवत नाही. भाडेकरूला उद्या शब्द द्यायचाय. तुम्ही सांगाल तसं करीन."

तिने ते दोनदा वाचलं. चहाची गोष्ट खरी होती. राग यायला हवा होता. पण थोरल्या बहिणीचं वाक्य आड आलं.

मसुदा लिहायला तिला फारसा वेळ लागला नसता. दुकानदाराला काय लिहिलं की पटतं, हे एव्हाना तिच्या अंगवळणी पडलं होतं. 'घरच्या माणसाला एक संधी द्या,' असं पहिलं वाक्य तिने लिहिलंही. मग ते पुसलं आणि बाईंना फोन लावला.

"मॅडम, हा प्रश्न माझ्या दिरांचा आहे. त्यातली वहिनी म्हणजे मी."

बाई खळखळून हसल्या. "मग काय, लॉटरीच लागली की! लिहा तुम्हीच. मी डोळे मिटून पाठवते."

"नाही."

"अहो, मी प्रवासात आहे. उत्तर आजच जायला हवं. एवढं लिहून टाका ना, माझ्यासाठी."

या सुरापुढे ती आजवर प्रत्येक वेळी नमली होती. सुट्टीच्या दिवशीची कामं, दुसऱ्या कुणीतरी अर्धवट टाकलेली कामं, सगळी तिने अशीच अंगावर घेतली होती. आताही ओठांवर 'बरं' आलं होतं.

"नाही, मॅडम. तुम्ही वाचा आणि तुम्हाला खरं वाटेल ते लिहा. भाडेकरूला द्या म्हणालात तरी माझी तक्रार नाही. पण मी लिहिणार नाही. हवं तर उद्यापासून काम बंद करते."

 पलीकडून फोन बंद झाला. काम गेलं, आणि बहुधा जागाही गेली, असं ती धरून चालली. उरलेल्या प्रश्नांचे मसुदे तिने नेहमीसारखेच नीट पुरे केले.

संध्याकाळी दीर आला तो हातपायही न धुता टेबलाशी बसला. हातात मोबाइल होता.

"वहिनी, बसा जरा. तुमच्या दुकानाचं मी एका मॅडमना विचारलं होतं. तुम्हाला न सांगता. रागावू नका."

"नाही रागावत, भावजी. काय म्हणाल्या त्या?"

"भाडेकरूला नको म्हणून कळवा, म्हणतात. ते ठीक आहे. पण पुढचं काही माझ्या डोक्यात शिरत नाहीये. तुम्हीच ऐका." त्याने मोबाइल डोळ्यांजवळ धरला आणि शाळेतल्या मुलासारखा एकेक शब्द वाचला : "'तुमच्या वहिनींना नाही म्हणता येत नाही, हे चूक आहे. आज सकाळी त्यांनी मला दोनदा नाही म्हटलं, आणि दोन्ही वेळा नुकसान त्यांचंच होणार होतं.'"