निम्मं पाणी

"सोनोग्राफीआधी ही बाटली संपवा आणि लघवी रोखून बसा," नर्सने आजींना बजावलं. पण पोटात गाठीचा संशय आल्यापासून त्यांच्या घशाखाली घोट उतरेना. लग्नापासून दोघांचा चहासुद्धा निम्मानिम्मा, तेव्हा आजोबांनी सवयीने निम्मी बाटली संपवली. आत डॉक्टरीणबाईंनी पोटावर गारेगार जेल चोपडलं, यंत्र फिरवलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "मूत्राशय भरलेलंच नाही. पाणी गेलं कुठे?" पडद्यापलीकडून आजोबांचा ओशाळलेला आवाज आला, "निम्मं माझ्याकडे आहे." दुसरी बाटली एकटीने रिचवून आजी तासाभराने पुन्हा आडव्या झाल्या. "श्वास रोखा... हं, सोडा. आजी, गाठबीठ काही नाही!" आजींआधी पडद्यापलीकडूनच मोठा सुस्कारा आला. डॉक्टरीणबाईंनी पडदा सारला. "आजोबा, तुम्हीही रोखला होतात?" पाय आवळून आजोबा कळवळले, "श्वास सोडला हो. बाकीचं हिच्याआधी कसं सोडू?"